जंतू गेले, मग नळ्या बंद का?

वाचकांचे प्रश्न
उत्तरं : फोंड्यातल्या एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ

मागच्या अंकात पाळीच्या तक्रारींवर लिहिलं आणि टपाल आलं ते जवळजवळ सगळं ‘मूल राहत नाही’ यावर. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. तिघांच्या हातात तपासणीचा एकेक कागद आहे आणि त्या कागदानं घरात नको ते वादळ उठवलं आहे. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझं वय २९, सासर साखळीचं. लग्नाला चार वर्षं झाली. मिस्टर बोटीवर असतात, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. दिवस राहत नाहीत म्हणून गर्भपिशवीच्या नळ्यांचा एक्स-रे काढला, दोन्ही बंद निघाल्या. मग रक्त तपासलं, त्यात ‘क्लॅमिडिया आयजीजी पॉझिटिव्ह’ आलं. मला कधी कसलाच त्रास झालेला नाही. सतरा वर्षांची असताना अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालं होतं, तेवढंच. रिपोर्ट देताना लॅबमधल्या मुलीनं सांगितलं, हा संबंधातून होणारा आजार. तेव्हापासून मिस्टरांशी फोनवर धड बोलवत नाही. दुसरं असं की, आयजीजी म्हणजे शरीरानं जंतूला हरवल्याची खूण, असं मी वाचलं. हरवलं, तर नळ्या बंद कशा झाल्या? सासूबाईंनी देवीला कौल लावला, उजवा मिळाला. आता काय करू?

उत्तर : बाय, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ‘तेवढंच’ म्हणून उडवून लावलीस. अपेंडिक्स फुटलं की पू ओटीपोटात पसरतो आणि नळ्यांची मोकळी टोकं तिथंच असतात. ताप उतरतो, टाके निघतात, पण आतडं, गर्भपिशवी, नळ्या एकमेकांना चिकटून राहू शकतात आणि त्यात नळीचं तोंड मिटू शकतं. म्हणजे तुझ्या नळ्यांचा दोष क्लॅमिडियावर टाकायलाच हवा असं नाही. ऑपरेशनचे जुने कागद शोध आणि डॉक्टरांपुढे ठेव. ‘आधी काही ऑपरेशन?’ असं विचारलं की कितीतरी बायका ‘नाही’ म्हणतात, आणि पोटावरचा व्रण नंतर तपासणीच्या टेबलावर दिसतो. अपेंडिक्स त्यांच्या हिशेबी ‘पोटाचं’, ‘बायकांचं’ नव्हे.

आता तो रिपोर्ट. आयजीजी ही एक अँटीबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीर रक्तात सोडतं ते प्रथिन. तो एवढंच सांगतो की तुझ्या शरीराची कधीकाळी क्लॅमिडियाशी किंवा त्याच्या एखाद्या भाऊबंदाशी गाठ पडली होती. कधी, ते सांगत नाही. कुठल्या अवयवात, तेही नाही. कोणाकडून, हे तर मुळीच नाही. याच कुळातला एक जंतू खोकला आणि न्यूमोनिया देतो, तो शिंकण्या-खोकण्यातून पसरतो, आणि काही तपासण्यांना या दोघांतला फरक नीट करता येत नाही. शिवाय औषधानं जंतू पार गेला तरी आयजीजी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकते. तेव्हा या कागदावरून नवऱ्याची झडती घेणं बंद कर. बोटीवरच्या माणसांवर आपल्याकडे संशय फार स्वस्तात घेतला जातो. मी असे संसार पाहिलेत, ज्यांत आजार सात दिवसांच्या गोळ्यांनी गेला आणि संशय तसाच राहिला.

‘हरवलं, तर नळ्या बंद कशा’ हा तुझा प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण सगळी मेख तिथेच आहे. क्लॅमिडिया पेशीच्या आत शिरून वाढतो. दोन-तीन दिवसांत त्याची पिल्लावळ त्या पेशीतून बाहेर पडते आणि शेजारच्या पेशींत घुसते. हे सगळं इतकं गुपचूप चालतं की बहुतेक बायकांना ना ताप येतो, ना दुखतं. पण ज्या पेशीत तो शिरतो, ती रसायनं सोडून मदत मागते आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांची हत्यारं नेम धरून चालणारी नसतात. प्रथिनं विरघळवणारे पाचक रस, ऑक्सिजनचे जहाल कण, सगळं तिथेच ओतलं जातं. जंतू मरतो, आणि नळीचं अस्तरही होरपळतं.

नळी लांबीला दहा-बारा सेंटिमीटर, पण पिशवीजवळ तिचं भोक जेमतेम मिलिमीटरभर. आत बारीक केसांचं अस्तर असतं, ते स्त्रीबीजाला हळूहळू पिशवीकडे नेतं. ते केस झडतात, अस्तराच्या घड्या एकमेकींना चिकटतात, त्यावर व्रणाचा कडक पदर चढतो. बाहेरचं टोक मिटलं तर आत पाणी साठून नळी फुगते. जंतू केव्हाच गेलेला असतो. नळी बंद होते ती आपल्याच शरीराच्या या धुमश्चक्रीत.

पुन्हा लागण झाली तर आधीची ओळख असलेल्या पेशी दुप्पट त्वेषानं तुटून पडतात, म्हणून दुसरी-तिसरी लागण पहिलीपेक्षा महाग पडते. स्वीडनमधल्या लुंड इथं वेस्ट्रम या डॉक्टरांनी ओटीपोटाला सूज येऊन गेलेल्या बायकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला होता. १९९२ साली त्यांनी आकडे मांडले. सूज एकदा येऊन गेली, तर नळ्यांच्या दोषामुळे मूल न होण्याचं प्रमाण शंभरात आठ. दोनदा, तर जवळजवळ वीस. तीनदा किंवा जास्त, तर चाळीस. क्लॅमिडियाच्या अंगातलं हीट शॉक प्रोटीन ६० हे प्रथिन आणि आपल्या पेशींतलं एक प्रथिन घडणीनं फार जवळचे आहेत, म्हणून एकावरचा मारा दुसऱ्यावरही उलटतो की काय अशी शंका आहे. नळ्या बंद असलेल्या बायकांत त्याविरुद्धच्या अँटीबॉडी जास्त सापडतात. पण त्या अँटीबॉडी नळ्या बिघडवतात की बिघडल्याची नुसती खूण आहेत, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. हेही ध्यानात ठेव की लागण झालेल्या बहुतेक बायकांच्या नळ्या शाबूत राहतात. एकीला व्रण पडतो आणि दुसरीला नाही, यात जन्मजात घडणीचाही वाटा असतो.

शरीराला इथं कसरत करावी लागते ती वेगळीच. गर्भपिशवीचं मुख आपल्या खाजन शेताच्या मानशीसारखं, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दारासारखं आहे. एरवी घट्ट बंद, पण महिन्याच्या मधल्या दिवसांत तिथला चिकट स्राव पातळ होतो आणि शुक्राणूंना वाट मिळते. तिथल्या पहारेकरी पेशींनी जंतू मारायचे, पण शुक्राणूंना जाऊ द्यायचं, पुढे निम्मा परका असलेला गर्भ नऊ महिने सांभाळायचा. इतकी नाजूक बोलणी शरीरात दुसरीकडे क्वचितच चालत असतील. जंतू याच उघड्या वाटेनं वर सरकतात.

आता करायचं काय. आज लागण आहे का, हे रक्त सांगत नाही. त्यासाठी तुझ्या योनीतला स्वॅब आणि मिस्टरांची लघवी, यांची जंतूच्या जनुकांवरून होणारी तपासणी करा. निगेटिव्ह आली तर विषय संपला. नुसत्या आयजीजीसाठी अँटिबायोटिक घेऊ नकोस. पॉझिटिव्ह आली तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. दिवस राहिलेले नसतील तर डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा, सात दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. तेवढे दिवस संबंध नाहीत, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे अशा आजारांची औषधं फुकट मिळतात आणि कोणी भुवया उंचावत नाही.

नळ्यांबद्दल एक्स-रेवर शेवटचा विश्वास ठेवू नकोस. रंग सोडताना कळ आली की पिशवीजवळचा भाग आवळून धरतो आणि उघडी नळीही बंद दिसते. तुझी नळी पिशवीकडच्या टोकाला बंद दिसते की बाहेरच्या, ते डॉक्टरांना विचार. तुझं अपेंडिक्स पाहता दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी असं माझं मत आहे. चिकटलेलं असेल तर त्याच वेळी सोडवता येईल. पाणी भरून फुगलेली नळी मात्र आयव्हीएफच्या (शरीराबाहेर बीज फळवून गर्भ पिशवीत सोडण्याच्या) आधी काढावी किंवा बांधावी लागते, कारण ते पाणी पिशवीत उतरून गर्भाला रुजू देत नाही. आणि आयव्हीएफ हा शब्द ऐकून खचू नकोस. ती युक्ती निघालीच मुळी बंद नळ्यांसाठी. १९७८ साली जन्मलेल्या लुईस ब्राऊनच्या, म्हणजे या युक्तीनं झालेल्या जगातल्या पहिल्या बाळाच्या, आईच्या नळ्या बंद होत्या. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही आता ती सोय सुरू झाली आहे. खासगी केंद्राचा खर्च ऐकून हबकण्याआधी तिथे चौकशी कर.

उजवा कौल मिळाला, बरं झालं. सासूबाई तुझ्या बाजूच्या आहेत हे त्यातून कळलं. नळ्यांचा निकाल दुर्बिणीतून लागेल.

प्रश्न : मी कुडचड्याचा, वय ३४, माझा स्वतःचा ट्रक आहे. बायकोच्या सगळ्या तपासण्या ठीक आहेत. माझ्या वीर्यात शुक्राणू पुरेसे, पण हालचाल कमी, एकमेकांना चिकटलेले, पांढऱ्या पेशी जास्त, आणि ‘अँटीस्पर्म अँटीबॉडी, मार टेस्ट ६२ टक्के’ असं आलं. नवव्या वर्षी गालगुंड झालं होतं. पाच-सहा वर्षांमागे लघवीला जळजळ आणि एका बाजूला सूज होती, तेव्हा फार्मसीतून गोळ्या घेतल्या, दोन दिवसांत बरं वाटलं. आता एकांनी तीन महिने स्टेरॉईड सांगितलं आहे. एका शिबिरात इम्युनिटी वाढवणारी पावडरही दिली. माझंच शरीर माझ्या शुक्राणूंच्या मुळावर कसं उठलं?

उत्तर : आधी ती पावडर बाजूला ठेवा. तुमच्या बाबतीत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती नको तिथे नको तेवढी जागी आहे. ती आणखी वाढवून काय करणार?

आपलं कोण आणि परकं कोण, हा धडा शरीर तान्हेपणीच शिकायला लागतं. शुक्राणू तयार होऊ लागतात वयात आल्यावर, म्हणजे शाळा सुटून कितीतरी वर्षं झाल्यावर. शरीराच्या लेखी ते अनोळखीच. म्हणून वृषणात पेशींची एक घट्ट भिंत असते, रक्त एका बाजूला आणि शुक्राणू दुसऱ्या बाजूला. मार, ऑपरेशन किंवा जंतुसंसर्गानं ती भिंत, किंवा पुढची नळी, कुठे फुटली की रक्तातल्या पेशींना शुक्राणू दिसतात आणि त्या त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतात. नसबंदी झालेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक जणांत त्या आढळतात, त्यामागे हेच. अँटीबॉडी चिकटलेले शुक्राणू एकमेकांत गुंततात, बायकोच्या स्रावातून त्यांना पुढे सरकता येत नाही.

गालगुंडाला तुम्ही उगाच दोष देता आहात. वयात आल्यानंतर गालगुंड झालं तर वृषणाला सूज येऊ शकते, नवव्या वर्षी सहसा नाही. मला त्या जळजळीची आणि सुजेची शंका जास्त येते. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणजे गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असणार, आणि बायकोला त्या वेळी औषध दिलं नसणार. ट्रकवाल्या मंडळींचा हा जुना रिवाज आहे : दुखणं फार्मसीच्या काउंटरवर मिटवायचं आणि घरी सांगायचं नाही.

पांढऱ्या पेशी मिलिलिटरला १० लाखांच्या वर असतील तर त्यांना महत्त्व आहे. त्यांनी सोडलेले ऑक्सिजनचे जहाल कण शुक्राणूच्या पातळ आवरणाला आणि आतल्या डीएनएला इजा करतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली कच्च्या शुक्राणूपेशीही तशाच गोल दिसतात. लॅबनं पांढऱ्या पेशी वेगळ्या दाखवणारा पेरॉक्सिडेजचा रंग लावून मोजल्या की नुसत्या डोळ्यांनी, ते विचारा. दोघांचीही क्लॅमिडिया आणि परम्याची तपासणी करा. काही निघालं तर दोघांनी पूर्ण औषध घ्या आणि मग अडीच-तीन महिन्यांनी वीर्य पुन्हा तपासा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्याआधीची तपासणी जुनाच माल दाखवते.

मार टेस्ट, म्हणजे किती शुक्राणूंना अँटीबॉडी चिकटल्या त्याचं माप, ५० टक्क्यांवर गेली की अँटीबॉडीची दखल घेतात, पण तेवढी आलेल्या काही जणांना आपसूकही मूल होतं. स्टेरॉईडचा प्रयोग पूर्वी पुष्कळ झाला, खात्रीचा फायदा दिसला नाही. साखर वाढणं, पोटात जखम होणं, आणि क्वचित खुब्याचं हाड निकामी होणं हे मात्र त्यात खरं. दिवसभर स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाच्या खुब्याशी मी तरी हा जुगार खेळणार नाही. शुक्राणू धुऊन पिशवीत सोडण्याचा उपाय करून पाहता येतो. त्यानं भागलं नाही तर इक्सी आहे. १९९२ पासून ती पद्धत वापरात आहे. त्यात एकच शुक्राणू सुईनं थेट बीजात सोडतात, अँटीबॉडीला मध्ये पडायला जागाच उरत नाही. बायको ३५ च्या पुढे असेल तर फार थांबू नका.

प्रश्न : मी वाळपईजवळ शिक्षिका आहे, वय ३१. पिशवीचा तुकडा तपासला तेव्हा ‘टीबी पीसीआर पॉझिटिव्ह’ आलं. मला खोकला नाही, वजन उतरलेलं नाही. सहा महिन्यांची औषधं लगेच सुरू करा म्हणतात. रक्ताची टीबी गोल्ड टेस्टही पॉझिटिव्ह आहे.

उत्तर : स्त्रीच्या गर्भपिशवी-नळ्यांतला क्षय आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं मोठं कारण आहे, तेव्हा डॉक्टरांना शंका आली हे चुकीचं नाही. क्षयाचा जंतू बहुतेक वेळा लहानपणी फुप्फुसात येतो, रक्तातून नळ्यांपर्यंत जातो आणि तिथे वर्षानुवर्षं निजून राहतो. शरीर त्याच्याभोवती पेशींचं कुंपण घालतं. त्या गाठी आणि मागून येणारे व्रण नळी कडक करतात, पिशवीचं अस्तर चिकटवतात. खोकला नसणं म्हणजे क्षय नसणं, असं इथे धरता येत नाही.

पण तुमच्या हातातले दोन्ही कागद अपुरे आहेत. टीबी गोल्ड म्हणजे शरीराची जंतूशी ओळख आहे, बस्स. आपल्याकडे मोठ्या माणसांत ती कितीतरी जणांना असते. पीसीआर जंतूची जनुकं शोधतो, त्यामुळे मेलेल्या जंतूचा तुकडाही पकडतो, आणि लॅबमधली बारीकशी सरमिसळही. नुसत्या पीसीआरवर बोट ठेवून सहा महिन्यांची औषधं सुरू झालेल्या धडधाकट बायका मी पुष्कळ पाहिल्या. यकृतावर ताण, मूल थांबवायचं, आणि कपाळावर ‘टीबी’चा शिक्का. तुकड्यात गाठी दिसल्या का, कल्चर लावलं (जंतू वाढवून पाहिला) का, जीनएक्स्पर्ट ही क्षयाची जनुक-तपासणी केली का, दुर्बिणीतून नळ्यांवर क्षयाच्या खुणा दिसल्या का, हे विचारा. पुरावा ठोस असेल तर मागेपुढे पाहू नका, औषधं सरकारकडून फुकट मिळतात, पूर्ण कोर्स करा. लवकर सुरू केलं तर अस्तर वाचण्याची आशा जास्त, आधी पडलेला व्रण मात्र औषधानं जात नाही. आणि कोणी रक्तातल्या अँटीबॉडीवरून क्षय ओळखून देतो म्हणालं तर उठून या. तसल्या तपासण्यांवर भारत सरकारनं २०१२ मध्ये बंदी घातली आहे.

प्रश्न : माझ्या सुनेच्या अंगावरून पांढरं जातं. मी तिला जंतुनाशक टाकून कोमट पाण्यानं आतून धुवायला सांगते, तरी थांबत नाही. मूल होत नाही ते यामुळेच ना? (पेडणे)

उत्तर : आतून धुणं आजच थांबवा. योनीत चांगल्या जंतूंची वस्ती असते, ते आम्ल तयार करून वाईट जंतूंना दूर ठेवतात. तुमचं औषध आधी त्यांनाच मारतं, मग दुर्गंधीचा स्राव सुरू होतो, आणि पाण्याच्या धारेबरोबर जंतू वर जाण्याची भीती निराळीच.

आपल्याच हळदोणे भागात ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला सुमारे अडीच हजार बायकांची तपासणी केली होती. चांगल्या जंतूंची वस्ती बिघडलेल्या बायका शंभरात अठराच्या आसपास निघाल्या. संबंधातून होणारे संसर्ग मात्र शंभरात चारच. आणि पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट निघालं. मूल का नाही, म्हणून घरात रोज विषय निघत असेल तर तोही त्यात आला. वास, खाज, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त, यांतलं काही असेल तर दिरंगाई नको. नसेल तर ते पांढरं पाणी निरोगीही असू शकतं. मुलाला विसरू नका, त्याचीही तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी. सुनेला डॉक्टरांकडे न्या, आणि ती आत बोलत असेल तेवढा वेळ तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.